मागची सीट माळ्यावर आहे

डिचोली तालुक्यातून एका वडिलांचे पत्र आले आहे. वय एकसष्ट. अठरा वर्षे त्यांचा स्वतःचा टिप्पर होता, पाळी-वेळग्याच्या खाणींवरून आमोण्याच्या जेटीवर खनिज टाकायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, टिप्पर विकला. आता घराला लागून छोटे दुकान आणि थोडे काजूचे भाट, म्हणजे बाग. सत्तावीस वर्षांचा मुलगा डिप्लोमा करून औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने २०१४ची सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतली. कर्ज पतसंस्थेतून वडिलांच्या खात्यावर मिळाले, म्हणून गाडीही वडिलांच्याच नावावर. कर्जाचे एक वर्ष अजून बाकी आहे.

तेव्हापासून सायलेन्सर, चाके, स्प्रिंगा, ‘ईसीयूचा मॅप’ असे करत जवळजवळ तीन लाख गाडीत गेले. त्यातले चाळीस हजार आईने भिशीतून गुपचूप दिले होते, हे वडिलांना मागाहून कळले. वजन कमी करायचे म्हणून मागची सीट काढून माळ्यावर ठेवली आहे. गेल्या गणेश चवथीला आईला माहेरी कदंबच्या बसने जावे लागले. शनिवारी रात्री मुलगा मित्रांबरोबर मोपा विमानतळाच्या रस्त्याकडे जातो, दोन-अडीचला परततो. गेल्या महिन्यात सायलेन्सरचे चलन थेट वडिलांच्या मोबाईलवर आले. जाब विचारला तर म्हणाला, ‘मला कोईमतूरला ट्रॅकवर जायचंय. दीड लाख द्या, रस्त्यावरचं सगळं सोडतो.’

पत्राचा शेवट त्यांच्याच शब्दांत: ‘गाडी माझ्या नावावर आहे. तो शिफ्टला गेला की गिऱ्हाईक बोलावून विकून टाकू का? आम्हीही गाडी हाणली, फाळके वाढवून हाणली, पण पोटासाठी. ह्याचे हे काय आहे?’

---

नमस्कार,

तुमचे पत्र दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या फाळक्यांपाशी, जास्त खनिज मावावे म्हणून उंच केलेल्या टिप्परच्या बाजूंपाशी, अडकले.

मी उसगावच्या बाजूची. शाळेत जाताना मागून टिप्परचा आवाज आला की आम्ही मुली नाक दाबून गटाराच्या कडेला उभ्या राहायचो. पांढरा ब्लाऊज दिवाळीपर्यंत तांबडा व्हायचा. पण मला आठवतो तो नुसता धुरळा नाही. समोर लावलेले गोंडे, काचेवर आडवे लिहिलेले मुलीचे नाव, तीन-तीन सुरांचे हॉर्न, आणि एकाने दुसऱ्याला वळणावर मागे टाकले की खिडकीतून बाहेर आलेला हातही आठवतो. त्या हाताने ट्रिपेचा एकही पैसा वाढत नव्हता.

म्हणून आधी एक विचारते. रागावू नका. जेटीच्या रांगेत पहिला नंबर लागला की तुम्हाला फक्त जास्तीच्या ट्रिपेचाच आनंद व्हायचा का? फाळके वाढवले, पाटे वाढवले, ओझे सोसावे म्हणून गाडीत काय काय केले असेल ते तुम्हालाच ठाऊक. कंपनीने जशी दिली त्याहून वेगळी गाडी तुम्ही केलीत. हात लावला तशी ती बदलली, याचे थोडे कौतुक तुम्हालाही वाटले असेलच. तुमचा मुलगा त्याच अंगणात वाढला. तो गाडीखाली शिरायला मित्रांकडून शिकला असे तुम्हाला वाटते. मला वाटते तो ते पाच-सहा वर्षांचा असताना शिकला, तुमचे पाय टिप्परखालून बाहेर आलेले बघत.

हे सांगितले म्हणजे मी त्याच्या बाजूने झाले असे समजू नका. ‘पोटासाठी’ या शब्दाने तुमच्या वेळचा वेग पवित्र होत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. गटारात उभ्या राहिलेल्या आम्हाला तुमच्या ट्रिपांचा हिशेब ठाऊक नव्हता, भीती मात्र रोजची होती. ती आठवलीत तर मुलाशी बोलायला तुमच्याकडे त्याच्या कुठल्याही मित्रापेक्षा जास्त भांडवल आहे.

आता ‘ह्याचे हे काय आहे’ याचे उत्तर. हा छंद आहे, आणि नीट जागी केला तर खेळही आहे. गौरव गिल या रॅली ड्रायव्हरला २०१९ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटरस्पोर्टमधला तो पहिलाच. तुमचा मुलगा गौरव गिल होणार नाही, त्यालाही ते माहीत असावे. पण रविवारी टेनिसबॉल क्रिकेट खेळणाऱ्याला आपण ‘तेंडुलकर होणार आहेस का’ असे विचारत नाही, मग गाडीवाल्यालाच का विचारतो? कारण हा खेळ महाग आहे, आणि त्यात दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. या दोन कारणांवर बोलू. बाकीचे, म्हणजे लोक काय म्हणतील, मित्र कसले, आमच्या वेळी कसे, ते बाजूला ठेवू.

मला गाड्यांतले फार कळत नाही. म्हणून पत्र घेऊन कुर्टीच्या एका ओळखीच्या गॅरेजात गेले. योगायोगाने तिथे तसलीच एक पोलो उभी होती. मेकॅनिकने समजावले ते माझ्या शब्दांत सांगते. या गाडीचे इंजिन बाराशे सीसीचे, टर्बोचे. कंपनीकडून १०५ पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, टर्बोचा दाब किती, पेट्रोल किती, ठिणगी केव्हा हे ठरवतो. ‘मॅप’ म्हणजे त्या संगणकातले आकडे बदलायचे. दाब वाढतो, टॉर्क वाढतो, पैसे त्यामानाने कमी लागतात, म्हणून सगळ्यांना पहिली हौस मॅपचीच. पण सात गियरांचा जो कोरड्या दोन क्लचांचा गियरबॉक्स आहे तो २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला. इंजिनाला मोकळे सोडले तर तो आकडा काही लांब नाही. क्लच आणि गियरबॉक्सचा मेंदू गेला की खर्च लाखाच्या भाषेत बोलू लागतो. तुमच्या तीन लाखांत हा खर्च अजून आलेलाच नाही.

मग त्याने त्या पोलोचे पुढचे चाक खोलून दाखवले. चकचकीत अलॉय व्हील, नवे, महागडे. त्यामागे ब्रेक पॅड मारी बिस्किटाहून पातळ. बॉनेट उघडून ब्रेक फ्लुइडची डबी दाखवली. आतले तेल मधासारखे हवे, ते कोऱ्या चहासारखे होते. ‘बाय, हे बघ,’ तो म्हणाला, ‘पळवायला पैसे घेऊन येतात सगळे. थांबवायला आलेला या वर्षात एकच.’ ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा पितो आणि आपल्याकडे हवेत दुसरे असते काय! नवे ‘डॉट ४’ दर्जाचे फ्लुइड निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेले १५५ला उकळले तरी प्रमाणात बसते. एकामागून एक जोराचे ब्रेक मारले की ते तापते, आत वाफ धरते, आणि पाय थेट फळीला जाऊन टेकतो. गाडी मात्र थांबत नाही.

तर चर्चेची सुरुवात ‘किती पळते’ याऐवजी ‘किती थांबते’ इथून करा. शेवटचे ब्रेक फ्लुइड कधी बदलले? टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. त्याच्या टायरवर कुठले वर्ष आहे? स्प्रिंगा बुटक्या म्हणून बनवलेल्या आहेत की मूळच्याच कापल्या आहेत? कापलेली स्प्रिंग चाक खड्ड्यात लोंबकळले की जागेवरून निसटू शकते. एअर फिल्टर उघडा बसवला आहे का? पावसात साचलेल्या पाण्यातून गेला आणि त्याने पाणी ओढले तर इंजिन जागच्या जागी बसते. हे प्रश्न तुम्ही विचाराल असे त्याच्या स्वप्नातही नसेल. अठरा वर्षे टिप्पर सांभाळलेल्या माणसाचे प्रश्न आहेत हे. ‘बंद कर ते सगळं’ असे तर कुणीही म्हणू शकते.

आता शनिवारची रात्र. इथे मात्र मी तुमच्याहूनही कडक आहे.

ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते, आणि अजून ब्रेक लागलेलाच नसतो. कोरड्या, चांगल्या डांबरावर, चांगल्या टायरांनी पुढे आणखी साधारण ७० मीटर. एकूण १२०. ताशी ६०ला हेच सगळे ४३ मीटरच्या आसपास उरकते. वेग दुप्पट झाला की धडकेतली ताकद चौपट होते, हे त्याने डिप्लोमाला शिकलेले आहे. आणि आपल्या रस्त्यावर ‘काहीतरी’ म्हणजे काय असते? रात्री ऊबेला डांबरावर बसलेली गुरे. दिवे नसलेली सायकल. चुकीच्या बाजूने येणारा, वाट विसरलेला पर्यटक. शिफ्ट संपवून घरी निघालेला त्याच्यासारखाच कुणी. ऑगस्ट २०२३मध्ये बाणस्तारीच्या पुलावर एका मर्सिडीजच्या धडकेत तिघांचे जीव गेले ते आपण कुणीच विसरलेलो नाही. तिथे शर्यत नव्हती. नुसता रस्ता होता आणि घरी जाणारी माणसे होती.

‘रस्ता मोकळा असतो रात्री’ असे तो म्हणेल. म्हणतातच. ट्रॅकवर वळणाच्या बाहेर गाडी सुटली तर तिथे मोकळी जागा ठेवलेली असते, झेंडेवाले मार्शल असतात, रुग्णवाहिका उभी असते, आणि समोरून कुणी येत नाही हे नक्की असते. महामार्गावर यातले एकही नसते. त्यामुळे रस्त्यावरची शर्यत ही ट्रॅकची तालीम होऊच शकत नाही. तिथे माणूस फक्त नशिबावर विसंबायला शिकतो, आणि ती सवय ट्रॅकवरही अंगाशी येते.

तुम्हाला कायद्याचेही सांगायला हवे, कारण आरसीवर नाव तुमचे आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ म्हणते की नोंदणीतल्या, कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. मालकाला, म्हणजे तुम्हाला. आरसीवर आसने पाच लिहिलेली असणार, तेव्हा माळ्यावरची ती सीटही कागदाशी जुळत नाही. सायलेन्सरच्या आवाजासाठी कलम १९० आहे, १०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्स जाते. आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड, दुसऱ्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत किंवा १०,०००. त्या कलमात ‘भाग घेणारा’ एवढेच लिहिलेले नाही, ‘मुभा देणारा’ हाही शब्द आहे. शनिवारी तो कुठे जातो हे माहीत असून चावी खुंटीवर टांगून झोपणारा बाप त्यात बसतो का, हे वकील ठरवतील. मी तुमच्या जागी असते तर त्या शब्दानेच मला झोप लागली नसती.

दंड परवडला, असे म्हणायची वेळ विम्यामुळे येते. घरातली पॉलिसी काढा आणि ‘वापराच्या मर्यादा’ असे लिहिले आहे तो भाग वाचा. खाजगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी या गोष्टी सहसा सरळ वगळलेल्या असतात. केलेले बदल विमा कंपनीला कळवले नसतील तर साधा अपघातही वादात सापडतो. कुणाला इजा झाली तर कंपनीने आधी त्यांना भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देतात. मालक कोण, तर आरसीवर ज्याचे नाव तो, हे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. तेव्हा तुमचे काजूचे भाट दर शनिवारी रात्री त्या गाडीत बसून मोपाला जाते आहे.

मग विकू का?

कागदावर हक्क आहे तुमचा. पण हप्ते कोण भरतो हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि ते मला महत्त्वाचे वाटते. तो भरत असेल तर त्याच्या पाठीमागे गाडी विकणे म्हणजे कागदाच्या जोरावर दुसऱ्याची वस्तू नेणे. तो दुसरी घेईल, त्याच्या नावावर, याहून स्वस्त आणि याहून वाईट ब्रेकची, आणि तुम्हाला सांगणार नाही. आज निदान तो घरी येऊन ‘ट्रॅकवर जायचंय’ असे बोलतो आहे. हे दार बंद केले तर पुन्हा उघडायला फार वर्षे लागतात. चोरून विकू नका.

विकायचीच ठरली तर दोघांनी मिळून, उजेडात विका. कर्ज असल्यामुळे पतसंस्थेचा ना हरकत दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागेल. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. वाहतूक खात्यात नाव बदलेपर्यंत जबाबदारी तुमचीच. ‘गिऱ्हाईक करून घेईल’ यावर सोडलेत तर गाडी त्याच्याकडे आणि चलने तुमच्या मोबाईलवर, असे व्हायचे.

पण मला वाटते, ती वेळ यायच्या आधी करण्यासारखे बरेच आहे. पहिली गोष्ट त्या दीड लाखाची. ‘पैसे द्या, रस्ता सोडतो’ हा सौदा मुळात उलटा आहे. रस्ता सोडणे ही विकत घ्यायची वस्तू नाही. ते बिनशर्त, आजपासून. पुढचे सहा महिने शनिवारी गाडी अंगणात, आणि गाडी मूळ रूपात: मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंगा, मूळ मॅप. काढलेले सामान त्याच्याकडे असेलच, ही मंडळी ते कधी फेकत नाहीत. यानंतरच ट्रॅकचे बोलणे. त्या बोलण्यात मात्र हात आखडू नका. तो शब्द पाळत असेल आणि तुम्ही मागे सरलात, तर तोंडघशी तुम्ही पडाल.

दुसरे, दीड लाखाचा हिशेब कागदावर मागा. टायर, प्रवेश फी, हेल्मेट, राहणे, वाटेतले पेट्रोल, आणि गाडी तिथेच बंद पडली तर ती परत आणायचा खर्च. हा शेवटचा आकडा पोरांच्या यादीत कधी नसतो. ज्या टायरांवर दिवसभर ट्रॅकवर घासले त्याच टायरांवर रात्रभर घाट उतरून घरी यायचे, हा बेत असेल तर तो तिथेच फाडा.

पहिल्या वेळेला स्वतःची गाडी न्यायचीच कशाला? कोईमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. मोटर रेसिंग शिकवणाऱ्या शाळांत त्यांच्याच गाड्या मिळतात, शिकवायला माणसे असतात. बसने जा, शिका, चूक झाली तर त्यांची गाडी, परत बसने या. दोन दिवसांत त्याला कळेल की सरळ रस्त्यावर पाय दाबणे आणि वळणावर योग्य जागी ब्रेक सोडणे यात किती अंतर आहे. काहींची हौस तिथेच फिटते, काहींची खरी तिथे सुरू होते. दोन्ही कळणे तुमच्या फायद्याचे. पुढे स्पर्धेत उतरायचे तर एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचे लायसन्स लागते, आणि तिच्या मान्यतेचा कार्यक्रम आहे की व्हॉट्सअॅपवर ठरलेला जमाव, हे आधी तपासायचे. केवळ सरळ रेषेत पळवायची हौस असेल तर लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. असे बंदिस्त कार्यक्रम शोधावे.

आणि हे सगळे परराज्यातच असते असेही नाही. २०१४पासून भर पावसात आपल्या गोव्यातच रेनफॉरेस्ट चॅलेंज होते. फोर बाय फोर गाड्या चिखलातून, ओहोळातून, विंच लावून काढायच्या. तिथे पोलोचे काही काम नाही, पण मेंटेनन्सवाल्या मुलाचे असू शकते. अशा स्पर्धांना मार्शल लागतात, गाडीवाल्या संघांना हातात पाना धरता येणारी माणसे लागतात. पैसा न ओतता मोटरस्पोर्टच्या आत शिरायचा तो सगळ्यात जवळचा दरवाजा. वेग तिथे जवळजवळ नसतोच, डोके मात्र फार लागते. तुम्हीही जाऊन बघा. रुतलेली गाडी कशी काढायची यावर तुम्ही गप्प बसू शकणार नाही, हे मी आताच लिहून देते.

वहिनींबद्दल थोडेच. त्यांनी लपवून पैसे दिले ते चूक, पण घरात गाडीचे नाव काढले की ताट आपटते म्हणून लपवले असावे. त्यावरून भांडण वाढवू नका. पुढचा प्रत्येक रुपया तिघांच्या देखत, एवढे ठरवा.

असेच पत्र काही महिन्यांपूर्वी एका नवविवाहितेचे आले होते. नवऱ्याने मॉडिफाय केलेलीच गाडी सेकंडहँड घेतली, आता काय करू, असे. तिलाही आणि इतरांनाही सांगते: घेण्याआधी आरसीवरचा रंग, इंधन, आसने समोरच्या गाडीशी जुळवून बघा. काढलेले मूळ भाग गाडीबरोबर मागा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मूळ भाग मिळत नसतील तर ती गाडी स्वस्त पडत नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी.

बोलायचे कसे हे तुम्ही विचारलेले नाही, पण अडते तिथेच. जेवणाच्या ताटावर नको, चलनाचा मेसेज समोर धरून नको. रविवारी सकाळी पदेर, पाववाला, येऊन गेला की चहा घेऊन गाडीपाशी जा आणि ‘बॉनेट उघड’ म्हणा. ब्रेक फ्लुइडची डबी तुम्हीच शोधा. मग फाळक्यांची गोष्ट सांगा, पण खरी. कधी ब्रेक कमी पडले होते, कोण थोडक्यात वाचला होता, कुणाला सांगितले नव्हते. अठरा वर्षांत असे एकदा तरी झाले असणार. ते ऐकून तो लगेच काही बोलणार नाही. बोलला नाही तरी चालेल, तुम्ही चहा संपवा.

आणि त्याच दिवशी दोघांनी माळ्यावर चढून ती सीट खाली काढा. दोन नट, चार क्लिपा, अर्ध्या तासाचे काम आहे असे गॅरेजवाला म्हणाला. पट्टे नीट अडकवलेत का ते तुम्ही बघा. यंदा चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामान डिकीत जाईल, वहिनी मागे बसतील, आणि तुम्ही पुढे, त्याच्या शेजारी.